सव्वाशे रुपयांचं नाणं

“राहू दे संघू, तू नको हात लावू… दिव्यानीले येऊ दे. तिले बरोबर जमते.”

देवराव हे अगदी सहज म्हणाले. त्यात राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता… पण संघप्रियेचा पुढे झालेला हात तसाच अधांतरी राहिला! चिमूरहून एप्रिलच्या उन्हात भाजत, कडेवर दहा महिन्यांची लेक, खांद्यावर पिशवी, अशी ती गडचिरोलीला माहेरी येऊन टेकली होती. घोटभर पाणीसुद्धा न पिता बाबांच्या पलंगाशी बसली होती, आणि पलंगावर उघडा पडलेला नाण्यांचा तो जाडजूड अल्बम बघून तिचा हात आपोआपच पान उलटायला गेला होता. जन्मभर तो हात त्या नाण्यांवरून फिरला होता. आज पहिल्यांदा त्याला कुणी अडवलं… आणि तेही बाबांनी!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत दिव्यानी आली. संघप्रियेच्या धाकट्या भावाची, राजदीपची बायको. तिनं अलमारीतून पांढरे सुती हातमोजे काढले, बोटांत चढवले आणि बाबांच्या शेजारी, पलंगाच्या अगदी त्याच कोपऱ्यावर बसली, जिथे पूर्वी संघप्रिया बसायची.

“कोणतं पान दाखवू बाबा?”

“बाबा” म्हणाली ती! जणू काही तिचेच बाबा… संघप्रियेच्या काळजात कुठेतरी एक बारीक काटा मोडला आणि आत राहिला.

देवराव तीस वर्षं गडचिरोली डेपोत कंडक्टर होते. अहेरी, आलापल्ली, हेमलकसा, अशा रानातल्या गाड्यांवर त्यांची ड्यूटी. चामड्याच्या बॅगेत दिवसभर हजारो हातांची नाणी पडत. एखादं वेगळं दिसलं, कुण्या थोर माणसाचं, कुठल्या शताब्दीचं, की ते बाजूला काढून देवराव आपल्या खिशातला साधा रुपया बॅगेत टाकत आणि ते वेगळं नाणं घरी आणत. संध्याकाळी छोटी संघू ओढणीनं डोळे बांधून बसे. बाबा नाणं तिच्या हातावर ठेवत आणि ती नुसत्या अंगठ्यानं चाचपून सांगे, “हे गव्हाच्या ओंबीचं… हे जुनंच हाय बाबा, मागच्या आठवड्यातलं!” सुटीच्या दिवशी ती बाबांच्या गाडीतही जाई आणि बॅगेत हात घालून वेगळं नाणं शोधून काढी. नव्वद सालचं बाबासाहेबांचं एक रुपयाचं नाणं ओळखलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. “चष्मा लागते बाबा, चष्मा!” असं ती ओरडली आणि बाबांनी तिला उचलून डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांना दाखवत फिरवलं होतं. त्या घरात नाणं डोळ्यांनी पाहायची रीतच नव्हती. नाणं ओळखायचं ते अंगठ्यानं.

आई, कमला, गेली तेव्हा संघप्रिया चंद्रपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. राजदीप नववीत. कुणी तिला परत ये म्हटलं नाही. ती आपणहून आली… पांढरा गणवेश घडी करून ट्रंकेत ठेवला, चुलीपुढे बसली आणि नऊ वर्षं उठली नाही. राजदीप शिकला, नोकरीला लागला, मग कुठे अठ्ठाविसाव्या वर्षी चिमूरच्या अश्वजितशी तिचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी राजदीपनं बायको आणली, आणि ती कोण असावी? नर्स! रोज तोच पांढरा गणवेश घालून त्याच अंगणातून ती ड्यूटीवर जायला लागली. जे आयुष्य संघप्रियेनं आपल्या हातांनी घडी करून ठेवलं होतं, ते दुसऱ्याच बाईनं इस्त्री करून अंगावर चढवलं होतं… आणि आता बाबांच्या शेजारची जागाही!

दुपारी जेवताना तिला राहवलं नाही. शोकेसमध्ये मखमली डब्यांची रांगच रांग लागली होती. टाकसाळीतून मागवलेले एकेक संच, सगळे दिव्यानीनं आणलेले.

“एवढी सारी नाणी काढून राह्यले का वो आजकाल?” भाताचा घास कालवत संघप्रिया म्हणाली. “ते साडेपाचशाव्या जयंतीचं साडेपाचशेचं नाणं पाह्यलं मी. साडेपाचशे! ते घेऊन कोणत्या कंडक्टरले तिकीट मागाचं माणसानं?”

राजदीप खदखदून हसला. “अवो ताई, टाकसाळीले जयंत्या पुरत नाई आता. आपल्या डेपोची पन्नाशी तेवढी उरली. तिचंही काढतीन पाह्यजो!”

“हसू नको तू. इतके प्रकार काढले, इतके प्रकार काढले, म्हून तं बाजारात दहाचा सिक्का कोणी घेईना झालं होतं. ‘हा नकली, तो नकली.’ रिझर्व्ह बँकेले सांगा लागलं, चौदा तऱ्हेचे हायेत अन् चौदाही खरे हायेत म्हून. लोकायनं ध्यानात तरी किती ठेवाचं? अन् हे डब्यातले तं बाजारात जातच नाई. डब्यात जन्मले, डब्यात मेले! जे कोणाच्या हातात फिरलं नाई ते नाणं कसलं? पैसे फेकले का कोणीही घेऊ शकते. शोधाले अक्कल लागते.”

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. दिव्यानीनं मान खाली घातली आणि संघप्रियेच्या ताटात वरण वाढलं.

“घ्या ना ताई. तुमाले आवडते म्हून मेथी टाकली त्यात.”

वरण खरंच चवदार होतं. त्याचाही तिला रागच आला!

देवराव मात्र आपल्याच नादात होते. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. विहारात जयंतीच्या कार्यक्रमात यंदा त्यांची नाणी मांडायची ठरली होती. बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीला निघालेलं सव्वाशे रुपयांचं चांदीमिश्रित नाणं त्यांच्याकडे होतं. दिव्यानीनं दोन वर्षं धडपड करून ते नागपूरच्या एका नाणेवाल्याकडून मिळवलं होतं. आसपासच्या कुणीच ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

“उद्या टेबलापाशी माझ्यासंग दिव्यानी उभी राहीन,” ते म्हणाले. “लोकायले सारं समजावून सांगाचं असते ना.”

“अन् मी बाबा?”

“तू? तुह्यापाशी लेकरू हाय माय. तू सावलीत बस आरामात.”

आराम… नऊ वर्षं ज्या लेकीला कुणी आराम कर म्हटलं नाही, तिला आज आराम करायला सांगत होते!

चार वाजता घर रिकामं झालं. देवराव आणि राजदीप विहारात मंडप बघायला गेले, दिव्यानी ड्यूटीवर. संघप्रियेनं लेकीला तेल लावून न्हाऊ घातलं, झोपवलं, आणि मग तिची पावलं आपोआप शोकेसकडे वळली. असं काय आहे त्या नाण्यात? असं काय आणलं हिनं, की माझे बाबा मला म्हणतात, तू नको हात लावू?

तिनं निळ्या मखमलीचा डबा काढला. आत पारदर्शक प्लास्टिकची गोल डबी, तिच्यात नाणं. ती थक्क झाली… नाण्याची सपाट बाजू आरशासारखी लख्ख होती. त्या आरशात बाबासाहेबांचा चेहरा दुधी, उठावदार, जणू पाण्यातून वर येतो आहे असा! आणि चेहऱ्याच्या बाजूला, त्याच आरशात, तिचा स्वतःचा चेहरा. ओढलेला. काळवंडलेला. मत्सरानं विद्रूप झालेला.

तिनं डबी उघडली. नाणं तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि आयुष्यभराच्या सवयीनं अंगठा दाबून फिरवला. कडा… कपाळ… चष्मा. हो, चष्मा लागत होता. क्षणभर ती पुन्हा आठ वर्षांची झाली.

डोळे उघडले तेव्हा आरशाच्या मधोमध तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता, रेष न् रेष स्पष्ट!

घाईघाईनं तिनं पदरानं पुसलं. ठसा पसरला. आणखी जोरानं घासलं, तर त्या निर्मळ आरशावर बारीक बारीक ओरखडे उठले. बाजारात फिरलेली नाणी तिनं आयुष्यभर पुसली होती, चिंचेनं घासली होती. त्यांना कधी काही झालं नव्हतं. हे नाणं मात्र एका स्पर्शानं दुखावलं गेलं… तिनं डबी लावली, डबा जागेवर ठेवला. लेक झोपेत हसत होती. संघप्रियेला मात्र तिच्याकडे बघवेना.

सांगू या, सांगू या म्हणत संध्याकाळ गेली. सकाळ झाली. पांढऱ्या साड्या नेसून सगळी तयारी झाली, त्रिशरण झालं, आणि निघण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून देवरावांनी डबा उघडला.

ते नुसते खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद असा ओसरला, की आईच्या मरणादिवशी पाहिलेला त्यांचा चेहरा संघप्रियेच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

“कोणं… कोणं केलं हे?”

दिव्यानी पुढे आली. तिनं नाण्याकडे पाहिलं. डबीतून बाळाच्या तेलाचा मंद वास येत होता. तिनं मान वर केली आणि फक्त एकदा, अगदी क्षणभर, संघप्रियेकडे बघितलं. आता… आता ही सांगणार!

“माह्या हातून झालं बाबा,” दिव्यानी म्हणाली. “काल पाहाले काढलं, अन् मोजे घालाचे राहून गेले.”

“तुह्या हातून?” देवरावांचा आवाज चिरकला. “मले शिकवणारी तू! ‘बाबा हात नका लावू, बाबा मोजे घाला’… अन् तूच? वीस वर्षं माही संघू नाण्यायसंग खेळली, एक नाणं तिच्या हातून खराब झालं नाई! तिच्या अंगठ्यात डोळे होते, डोळे! तिची सर नाई येत कोणाले… संघू, चाल. आज तू राहाजो माह्यापाशी.”

किती वर्षं हे शब्द ऐकायला ती आसुसली होती! आणि आज ते आले, तेव्हा प्रत्येक शब्द तापलेल्या सळीसारखा तिच्या कानात शिरला. बोल संघप्रिये, बोल… तिचं अंतःकरण आक्रोश करत होतं. पण बाबा तिचा हात धरून उभे होते. तो हात सोडवत नव्हता. ती त्यांच्या मागोमाग निघाली.

विहाराच्या अंगणात निळ्या पताका फडफडत होत्या. मंडपाखाली टेबलावर पांढऱ्या कापडावर नाणी मांडली होती, आणि देवराव येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “हे पाहा, हे माह्या लेकीनं शोधलं. अहेरीच्या गाडीत. हे बी तिनंच… अन् हे सव्वाशेचं. याले जरा डाग लागला, पण असू द्या.” लोक कौतुकानं तिच्याकडे बघत. ती त्या जागी उभी होती, जिच्यासाठी काल तिचा जीव जळत होता. पायाखालची सतरंजी तिला निखाऱ्यांसारखी भासत होती. आणि मंडपाच्या मागे, नळापाशी, पांढऱ्या साडीचा ओचा खोचून दिव्यानी ताकाचे ग्लास विसळत होती. संघप्रियेची लेक तिच्याच कडेवर होती.

संघप्रिया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काऊन?” तिच्या तोंडून एवढंच निघालं. “काऊन घेतलं तू अंगावर?”

“हळू बोला ताई. लोकं हायेत.” दिव्यानीनं नळ बंद केला. “तुमी तीन दिवसासाठी आल्या. बाबा तुमच्यावर कावले असते तं ते बोलणं तुमी चिमूरले घेऊन गेल्या असत्या अन् वर्षभर कुरवाळत बसल्या असत्या. माहं काय? संध्याकाळी त्यायले चहा मीच देणार हावो. दोन दिवस रागावतीन, तिसऱ्या दिवशी चष्मा सापडत नाई म्हून मलेच हाक मारतीन.”

“इतकी चांगली नको होऊ वो माह्यासंग! मी तुह्यावर जळत होती… पाच वर्षं जळत होती!”

“मी कोण चांगली?” दिव्यानीचे डोळे एकाएकी भरून आले. “मी जळत नव्हती काय तुमच्यावर? तुमाले वाटते तुमचीच मक्तेदारी हाय जळाची? मी या घरात आली तेव्हा अल्बम अलमारीवर धूळ खाऊन राह्यला होता. ‘संघू गेली, माही बॅगही गेली, आता कोण शोधन?’ म्हणत बाबा दिवसभर छताकडे पाहात. मी तो खाली काढला. पहिलं पान, हे संघूनं शोधलं. दुसरं पान, हे संघूनं. चाळीस पानं ताई, अन् चाळीसही पानायवर तुमी! मी कुठी बसू? शोधाले माह्याजवळ कंडक्टरची बॅग नाई, तुमच्यासारखा अंगठा नाई. म्हून मी विकत आणली. तुमी काल म्हणाल्या, टाकसाळ लै नाणी काढते. काढते, खरं हाय. पण तिनं काढली नसती ना ताई… तं त्या अल्बमात माह्यासाठी एकही पान उरलं नसतं!”

संघप्रियेला हुंदका फुटला. आपण जिला लुटारू समजत होतो, ती तर आपल्याच घराच्या दाराबाहेर उभी राहून आत येण्यासाठी वाट शोधत होती… तिनं दिव्यानीचा ओला हात घट्ट धरला आणि जवळजवळ ओढतच तिला टेबलापाशी आणलं.

“बाबा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली, “ते नाणं दिव्यानीनं नाई खराब केलं. मी केलं. तुमी मले हात नको लावू म्हणले, तं मले राग आला. लपून काढलं, अंगठा लावला, पदरानं घासलं… अन् तुमी तिले बोलत होते तं मी चूप राह्यली. मले तिथी उभं राहाचं होतं, तुमच्यापाशी… म्हून चूप राह्यली बाबा!”

देवराव तिच्याकडे बघत राहिले. राजदीप चुळबुळला. काय होतं आहे ते न कळून रांगेच्या तोंडाशी उभी असलेली म्हातारी सीताबाई तेवढी पुढे सरकली. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करून तिचे हात फणसासारखे झाले होते. ती सव्वाशेच्या नाण्यावर वाकली, डोळे बारीक केले आणि मग भीत भीत, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

“देवरावभाऊ… मी हात लावू का जी?”

‘नाही’ हा शब्द देवरावांच्या ओठांवर आला होता. पाच वर्षांची सवय होती. पण त्यांनी सीताबाईकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आयुष्यात कुठे कुठे विचारावा लागला होता, कोणत्या विहिरीपाशी, कोणत्या उंबऱ्याशी, ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या आईलाही विचारावा लागला होता. आणि बाबासाहेबांच्या चेहऱ्यापुढे, विहाराच्या अंगणात, जयंतीच्या दिवशी तो पुन्हा विचारला जावा… आणि तोही आपल्याला! काल हेच आपण आपल्या लेकीला म्हणालो, हात नको लावू!

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी डबी उचलली. झाकण उघडलं. नाणं काढलं आणि सीताबाईच्या त्या भेगाळलेल्या ओंजळीत ठेवलं.

“लावा बाई,” ते म्हणाले, “चांगला लावा. आपलंच हाय.”

सीताबाईनं ते कपाळाला लावलं, गालाला लावलं. मग तिच्या मागच्या बाईनं घेतलं. मग तिच्या सुनेनं. मग कुण्या आजोबानं, मग निळी टोपी घातलेल्या पोरीनं. कधीही बाजार न पाहिलेलं ते नाणं त्या दिवशी हातोहात निघालं. रांगेतून मंडपात, मंडपातून अंगणात, घामेजल्या, राबत्या, थरथरत्या हातांतून फिरत राहिलं. राजदीप घाबरून म्हणाला, “बाबा, अवो त्याची किंमत…” आणि बाबांनी त्याला हातानंच गप्प केलं. मग त्यांनी दोघींना जवळ बोलावलं. एकीला या बाजूला, एकीला त्या बाजूला. दोघींच्या डोक्यांवर हात ठेवले. फक्त दिव्यानीच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांचा हात जरा जास्त वेळ तिथे थांबला, आणि आश्चर्य म्हणजे संघप्रियेला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी बुंदीच्या पंगती उठल्यावर नाणं परत आलं. आरसा कुठेच उरला नव्हता. सगळं नाणं मळकट, धूसर, उबदार झालं होतं. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या डोक्याला डोकं लावून त्यावर वाकल्या.

“तुमचा ठसा कोणता वो ताई?” दिव्यानीनं विचारलं.

संघप्रियेनं नाणं उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“नाई दिसत बाई,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता ओळखूच येत नाई.”